दंडारीतला लंगडा

मी चार वर्ग शिकलो. पाचवीत नाव होतं, पण त्या वर्षी धानाच्या रोवण्याला माणसं मिळाली नाहीत आणि बापानं मला शाळेतून उठवून चिखलात उभं केलं. त्यामुळे लिहिताना हात अडखळतो. डोकं अडखळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नात म्हणाली, आबाजी, तुम्ही सांगा, मी लिहून देते. मी म्हटलं, माझी गोष्ट मीच लिहीन. मी आपला पुस्तकी लिहायचा प्रयत्न करतो, बोलणाऱ्यांचं बोलणं मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे. नावं टाकलेली नाहीत. आमचं गाव करडीच्या बाजूला, इतकं लहान की नाव न घेताही ज्याचं त्याला कळेल.

आमच्याकडे दिवाळी झाली की मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, शिंगाडे, ऊस, जिलेबीची दुकानं लागतात, आणि भर दुपारी चौकात दंडार उभी राहते. ढोलकी, टाळ, गाणं, नाच, आणि मध्ये मध्ये सोंगं. कोणी सावकार होतो, कोणी लुगडं नेसून सासू होतो, आणि एक असतो लंगडा. आमच्या दंडारीतला लंगडा मी. मिसरूड फुटलं तेव्हापासून मीच. मोहाडी तालुक्यात असा लंगडा दुसरा झाला नाही असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. मी फक्त त्यांना थांबवत नाही.

डावा पाय गुडघ्यात दुमडून पट्टीनं बांधायचा, वरून धोतर सोडायचं, काखेत कुबडी घ्यायची आणि चौकभर नाचायचं. बाकीच्या गावचे लंगडे लंगडायचे. मी चालायचो. लोक विचारायचे, तुले हे जमते तरी कसं गा? मी म्हणायचो, रक्तात हाय.

ते खरंच होतं.

आता जे सांगायचं ते सांगतो. माझ्या डाव्या पायावर, गुडघ्याच्या चार बोटं वर, एक रेघ आहे. दिसत नाही, पण मला डोळे मिटूनही तिच्यावर बोट ठेवता येतं. तिथून खाली तो पाय माझा नाही. पाय चांगला आहे. बधिर नाही, वाकडा नाही, काटा टोचला तर कळतं. या पायानं मी नांगर धरला, धानाचे परे वाहिले, लग्नात नाचलो. पण तो माझा नाही. हे मला समजायला लागलं तेव्हापासूनचं आहे. लहानपणी बापाबरोबर मोहाडीच्या बाजाराला जायचो. तिथे अंबाडीची दोरं विकणारा एक माणूस बसायचा, त्याला एकच पाय. बाकीची पोरं त्याला भ्यायची, आयाबाया च्‌च्‌ करायच्या. मला वाटायचं, हा माणूस बरोबर बनला आहे. घरी येऊन मी बापाला म्हटलं, मले असा पाय कवा येईन? बापानं अशी ठेवून दिली की पुढे मी कोणालाच काही म्हटलं नाही.

मंडई वर्षातून एकदा. बाकीच्या दिवसांत काय करायचं? म्हणून बाभळीच्या बेचक्याची एक वेगळी कुबडी मी तासून ठेवली होती आणि कोठ्यामागच्या तणशीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात खुपसून ठेवायचो. बायको निंदायला गेली की कोठ्यात जाऊन पाय बांधायचा आणि थोडा वेळ इकडून तिकडे चालायचं. बैल चहाड्या करत नाहीत. त्या थोड्या वेळात जी शांतता मिळायची, ती मला देवळात कधी मिळाली नाही. उन्हाळ्यापर्यंत बैल तणस खाऊन खाऊन ढीग पार बसायचा, पण कुबडी कधी उघडी पडली नाही. मी आपलं नशीब चांगलं समजायचो.

लग्न नवीन होतं तेव्हा बायकोला संशय होता. मंडईच्या तालमीवरून मी असा खुशीत यायचो की तिला वाटलं, मोहाडीत कोणी ठेवली आहे. टोमणे मारायची, ताट आपटायची. मग एका वर्षी तिचं विचारणंच बंद झालं. तिची खात्री पटली असेल म्हणून मी सोडून दिलं.

तर मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. समाजमंदिरात तालमीला जमलो होतो. दंडार आता माझा पुतण्या चालवतो. मी जाऊन बसलो तर सगळे पोट्टे एका मोबाईलवर डोकी घालून हसत होते. मलाही दाखवलं. कुठल्यातरी परदेशातला माणूस. धडधाकट पाय, आणि डॉक्टरला म्हणतो आहे, हा कापून टाका. माणूस काहीतरी बोलत होता, पण त्याच्यावरून एक बाई हिंदीत ओरडून ओरडून सांगत होती, आणि मागे भुताच्या सिनेमासारखं वाजत होतं. खाली लोकांनी हसऱ्या तोंडांची चित्रं टाकली होती.

"पाह्य बे, याले पाय नको हाय!"

"पेन्शनसाठी करत असन."

"तिकडं कायची पेन्शन? गोऱ्यायले पैसा जास्त झाला, त्याची खाज हाय."

"नाई गा, लागीर हाय हे. बाहेरचं काईतरी धरलं त्याले."

"काई लागीर-बिगीर नाई, मेंदूतला तार तुटला हाय. सिधी गोष्ट."

एवढ्या वर्षांत मला वाटायचं, जगात मी एकटाच. आणि हा बघा, गोरा, चष्मेवाला, माझ्यासारखाच. आणि त्याच्यावर माझं गाव हसत होतं.

पुतण्या म्हणाला, "मोठेबाबा, यंदाचं सोंग भेटलं! लंगडा डाक्टरकडे जाते, मन्ते पाय काटा. डाक्टर मन्ते, काहून? लंगडा मन्ते, पेन्शन पायजे. त्याची बायको मन्ते, डाक्टरसाहेब, पाय राहू द्या, याची मुंडीच काटा!"

समाजमंदिर हसण्यानं दणाणलं. "तुमच्याशिवाय कोनाले जमन हे?" पुतण्या म्हणाला.

मी विचारलं, "तो काय मन्ते, थे आयकलं का कोनी?"

"कोन?"

"ज्याचा पाय हाय तो."

"तो इंग्रजीत बोलून राहिला मोठेबाबा, त्याचं कोन आयकते!"

मी उठून घरी आलो. बायकोनं जेवायला वाढलं, मी भूक नाही म्हटलं. ती म्हणाली, "तालमीवरून उपाशी आलेले आज पयल्यांदा पाहून राहिली."

दुसऱ्या दिवशी नात आली. ती भंडाऱ्याला नर्सिंग शिकते. दुपारी पडवीत बसलो होतो. बायको शिंगाडे सोलत होती. मी नातीला म्हटलं, सोंगासाठी पाहिजे आहे, तो माणूस स्वतःच्या तोंडानं काय म्हणतो तेवढं मला सांग. तिनं शोधलं. ती मधली हिंदी बाई नसलेला व्हिडिओ काढला आणि थांबवत थांबवत सांगू लागली. तो म्हणत होता, पाय चांगला आहे, माझं त्याच्याशी वैर नाही. तो फक्त माझा नाही.

मी म्हटलं, "आनखी सांग."

ती व्हिडिओखाली लिहिलेलं वाचत गेली. याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे. ही माणसं वेडी नसतात. पाय चांगला आहे हे त्यांना आपल्याइतकंच कळतं. लहानपणापासून असतं. लाजेनं सांगत नाहीत. पुष्कळ जण घरी एकटे असताना चोरून पाय बांधतात आणि कुबडीवर चालतात.

"अन् कुबडी तनशीत लपवते, असं लिवलं हाय का वो त्यात?" बायको म्हणाली. मान वर न करता, शिंगाडा सोलता सोलता.

नात माझ्याकडे बघायला लागली. मी अंगणाकडे बघायला लागलो.

"पाह्यता काय?" बायको म्हणाली. "चैतात ढीग बसला का कुबडी आंदर कोन दाबून ठेवते? उंदरं?"

"तुले कवापासून ठाऊक?"

"पोरगी पाळन्यात होती तवापासून."

"मंग मनली काहून नाई?"

"तुमी मनले काहून नाई?"

तीच पुढे बोलली. "मले वाटलं व्हतं बाई हाय. कुबडी निघाली तं मनलं, बरं झालं बापा. हे जेवाले मागत नाई, लुगडं मागत नाई. ठेवली तं ठेवली."

नात हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको मात्र हसत नव्हती. तिनं सुरी बाजूला ठेवली.

"एकच सांगा जी. काटून टाकाल का तुमी?"

तेव्हा मला थ्रेशर आठवला. दरवर्षी खळ्यावर धानाची मशीन आली की ही बाई घरचं काम टाकून तिथे येऊन उभी राहायची, माझ्या आणि मशीनच्या मध्ये. तणस नीट पडत नाही, कुटार उडतं, काही ना काही कारण काढून भांडत राहायची. मजूर हसायचे, म्हणायचे, बुढी मशीनले जपते. मलाही राग यायचा. ती मशीनला जपत नव्हती.

मला ‘नाही’ म्हणता आलं नाही. खोटं बोलायचं असतं तर सोपं होतं. पण पोरगी पाळण्यात असल्यापासून जिनं कुबडी राखली, तिच्याशी त्या वेळी खोटं निघेना. तिनं शिंगाड्याची सालं उचलली, गाईपुढे टाकली आणि आत गेली. पुढचे दिवस घरात भांडीसुद्धा हळू वाजत होती.

नात म्हणाली, नागपूरला मनाचे डॉक्टर आहेत, मी नेते. मी म्हटलं, आधी मंडई. ती म्हणाली, तुम्ही हे सोंग करणार? मी म्हटलं, दुसऱ्यानं केलं तर तो पेन्शनच मागेल. मग मीच केलेलं काय वाईट?

तालमीत जाऊन पुतण्याला सांगितलं, सोंग करतो, पण पेन्शन नाही.

"मंग लोकं हासन कायले, मोठेबाबा?"

"तू पैदा व्हायच्या आदीपासून हासवून राहिलो मी. तू डाक्टर हाय ना? तू फक्त काहून मनून विचार. पुढचं मायं मी पाह्यतो."

"हे आमाले पटत नाई."

"तुले कोनं विचारलं?"

तो रुसला. पण लंगड्यावाचून दंडार कशी उभी राहणार? रुसून रुसून आला जागेवर.

मंडईच्या दिवशी मी तयारी करत होतो. दंडारीची जुनी कुबडी शोधतो तर बायको कोठ्यामागून आली. हातात बाभळीची कुबडी होती. तणस झटकलेली, पुसलेली, आणि काखेत जिथे टोचते तिथे जुन्या लुगड्याची घडी गुंडाळून शिवलेली. माझ्या हातात दिली आणि बायकांच्या बाजूला जागा धरायला निघून गेली.

चौक गच्च भरला होता. घरांच्या छपरांवर पोरं बसली होती. मी आत शिरलो तेव्हा नेहमीसारखी शिट्टी झाली. चार चकरा मारल्या, सासूच्या सोंगाला धडकलो, लोक हसले. मग डॉक्टर झालेला पुतण्या गळ्यात सायकलची ट्यूब अडकवून पुढे आला.

"काय होते बुढेबुवा?"

"डाक्टर, हा पाय काटा."

"काहून? सडला का?"

"नाई जी. पहिलवान पाय हाय."

"मंग काहून?"

मी ढोलकीवाल्याला हात दाखवून थांबवलं.

"डाक्टर, तुमच्या दावनीले दुसऱ्याचा बैल बांधला असन, तं तुमाले झोप येते का? चारा मी टाकतो, पानी मी पाजतो, नांगराले मी जुंपतो. बैल गुनाचा हाय, मारत नाई, बसत नाई. पन सकाळी उठलो का मले एकच वाटते, हा माया नाई, याचा मालक कवा येईन? असा जनम काढला, डाक्टर. मी पागल नाई. मले समजते हा बैल चांगला हाय. फक्त माया नाई."

लोक आधी हसले. मग हसणं पातळ होत गेलं. हे सोंग आहे की काय आहे, असं एकमेकांकडे बघायला लागले. पुतण्या ट्यूब हातात धरून तसाच उभा. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "मंग मालकाले वापस करून दे ना बे बुढ्या!"

पुन्हा हशा. मी ओरडलो, "मालक सापडला पायजे ना गा! जनमभर पाहून राहिलो!"

"मालकीन हे इथं बसली हाय!"

बायकांमधून आवाज आला. सगळ्या माना तिकडे वळल्या. माझी बायको पदर खोचून उभी होती.

"माया बैल हाय तो! लग्नात दोन पाय पाहून घेतले व्हते म्या. तुमाले तो आपला नाई वाटत तं नोका वाटू देऊ. पन मायी वस्तू हाय. मले विचारल्याबिगर हात लावान तं पाहून घेईन!"

चौक उसळला. ढोलकीवाल्यानं आपणहून थाप मारली. पुतण्याला वाचा फुटली, तो म्हणाला, "डाक्टर मन्ते, आदी मालकिनीले विचारून या!" असं सोंग आमच्या मंडईत झालं नव्हतं, लोक अजून म्हणतात. बुढीला कधी शिकवलं, असंही विचारतात.

मी मात्र हसत नव्हतो. धोतराखाली दुमडलेला तो पाय मला जाणवत होता. तो माझा नव्हताच. आजही नाही. पण बेवारस बैल आणि मालक माहीत असलेला बैल यांत फरक असतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. दुसऱ्याची वस्तू माणूस आपल्या वस्तूपेक्षा जपून ठेवतो. पडवीत तिनं जे विचारलं होतं, त्याचं उत्तर तिनंच मला आणून दिलं. मी फक्त तिच्याकडे बघून मान हलवली. ती खाली बसली.

दंडार संपली. मी पाय सोडला नाही. कुबडीवर तसाच मंडईतून घराकडे निघालो, जिलेबीच्या दुकानापुढून. पानटपरीजवळ माझ्या वयाचा दोस्त बसला होता. म्हणाला, "सोंग सरलं ना गा, सोड आता पाय."

"सरलं मनूनच चालून राहिलो."

तो उठला, आणि वाटेत आडवी लावलेली आपली सायकल उचलून बाजूला केली. मी पुढे गेलो.

नंतर नातीनं नागपूरला नेलं. डॉक्टरीण तरुण होती. तिनं मध्ये एकदाही मला थांबवलं नाही. म्हणाली, हे पुसून टाकणारं औषध नाही, पण याच्याबरोबर बरं जगता येतं. पाय जास्त वेळ बांधू नका, रक्त अडतं. कुबडी न बांधताही वापरता येईल. बोलायला येत जा, आणि कापायचा विचार आला तर आधी घरी सांगा. मी विचारलं, मी पागल आहे का? ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, मला माहीत होतं, पण ते नातीनं तुमच्या तोंडून ऐकावं म्हणून विचारलं.

गाव काही एका मंडईत बदलत नाही. अजूनही काही जण लागीर म्हणतात. एका बाईनं अंगारा आणून दिला. मी पायाला लावला. बायको म्हणाली, माया पाय हाय, मले विचाराचं तरी. कुबडी आता पडवीच्या खुंटीला असते, छत्रीशेजारी. ढिगात पुन्हा ठेवली नाही. पुतण्या कधी कधी येऊन बसतो आणि खरं खरं विचारतो, मोठेबाबा, रेघ नेमकी कुठं हाय? मी दाखवतो.

पोट्ट्यांनी दंडारीचा व्हिडिओ मोबाईलवर सोडला होता. त्यावरही हसरी तोंडं आली असतील. पण माघात एक दिवस कारध्याकडून एक माणूस आला. वैनगंगेत मासे धरणारा, माझ्या पोराच्या वयाचा. ओळख ना पाळख. पडवीत बसला. नदीला पाणी किती आहे, मासे कमी झाले, जाळं महाग झालं, सगळं बोलून झालं. तरी उठेना. बायको चहा ठेवायला आत गेली तसा हळूच म्हणाला,

"बाबाजी, थे सोंग खरं व्हतं का?"

"तुले काय वाटते?"

त्यानं उजव्या हाताचं एक बोट डाव्या हाताच्या कोपराखाली ठेवलं. जरासुद्धा इकडेतिकडे न चाचपता, थेट तिथेच. मी त्याच्या बोटाकडे बघत राहिलो. जन्मात पहिल्यांदा मी दुसऱ्याची रेघ बघत होतो.

"तुमी पयले कोनाले सांगतलं?" त्यानं विचारलं.

"कोनालेच नाई. हिले कुबडी सापडली."

"माया घरी सापडाले काईच नाई. हात कुठं लपवू?"

बायको चहा घेऊन बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं, ती सगळंच ऐकते. कप तिनं त्याच्या उजव्या हाताच्या बाजूला ठेवला.

"लगन झालं?" तिनं विचारलं.

"हो जी."

"बायको भांडते का?"

तो आल्यापासून पहिल्यांदा हसला. "गजब भांडते जी."

"मंग काई भेव नाई," ती म्हणाली. "येत्या मंडईले घेऊन ये तिले. मायाजवळ बसव."